बिनधुराची भट्टी

मी भट्टी बोलतेय. बेकरीची, विटांची, पोटानं चांगली ऐसपैस अशी भट्टी. बसा, त्या पिठाच्या पोत्यावर बसा. कपड्यांना पीठ लागेल, पण काजळी लागायची नाही. हे मी जरा तोऱ्यातच सांगतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. येऊ दे लक्षात. जिला सगळ्या गल्लीनं जन्मभर धुरकट म्हणून नावं ठेवली, तिला उतारवयात एवढा तोरा तरी मिरवू द्या.

माझा जन्म याच जागी झाला. आधी मी झाले आणि मग माझ्याभोवती खोली उभी राहिली. पहिल्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. तो गवंडी प्रत्येक वीट हातात घेऊन तिला टिचकी मारायचा आणि आवाज बद्द आला की बाजूला टाकायचा. माझ्या भिंती त्यानं हातभर जाड केल्या, डोक्यावर घुमट घातला, फरशीखाली वाळू, मीठ आणि फुटक्या काचांचा चुरा भरला. अण्णा वैतागले. म्हणाले, "अरे, भट्टी बांधतोयस का किल्ला?" गवंडी म्हणाला, "मालक, जाळ काय, चुलीतही लागतो. ऊब धरून ठेवायला भिंत लागते." अण्णांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी विटा आणून दिल्या.

माझी ठेवण समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. समोर पाव आत-बाहेर करायचं मोठं तोंड, त्याला लोखंडी दार. बाजूला लाकडं जाळायचा कप्पा. आणि पाठीमागून वर गच्चीपर्यंत गेलेली चिमणी. चिमणीच्या आत एक लोखंडी झाकण आणि त्याला बांधलेली साखळी. साखळी ओढून खिळ्याला अडकवली की झाकण उघडं, धूर वर. साखळी सोडली की झाकण बंद, ऊब आत. बस्स, एवढाच माझा संसार.

या संसारात पहिल्यापासून एक माणूस आहे. अण्णांचा मेव्हणा. आला तेव्हा अंगानं काडी होता आणि लांब दांड्याच्या फळीवर पाव सरकवताना निम्मे जमिनीवर सांडायचा. पुढं अण्णांना मुलगी झाली, तिचा हा मामा, म्हणून हळूहळू अख्ख्या गल्लीचा मामा झाला. मामा तापमान मोजत नाहीत. चिमूटभर पीठ माझ्या फरशीवर टाकतात आणि त्याचा रंग कसा चढतो ते बघतात. पीठ लगेच काळं पडलं तर म्हणतात, "बाईसाहेब रागात आहेत." पांढरंच राहिलं तर म्हणतात, "बाईसाहेब झोपल्यात." बाईसाहेब म्हणजे मी. पण हे ते दुसऱ्यांना सांगतात. माझ्याशी थेट कधी एक शब्द बोलले नव्हते.

पहाटे जाळ, उजाडता पाव, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी पुन्हा पाव. माझ्या तोंडासमोरच दुकानाची फळी, त्यामुळे माणसं मी पोटभर पाहिली आहेत. पाव घेताना माणूस तो हमखास दाबून बघतो. मऊ आहे हे दिसत असतं, वासानंही कळत असतं, तरी दाबतो. आणि दाबलेला खाली ठेवून दुसरा उचलतो. घाईत असलेला माणूस सुटे पैसे काढायला सगळ्यात जास्त वेळ लावतो. आणि भांडून आलेली नवरा-बायको हटकून गोड बिस्किटं घेतात. मला हसू यायचं, आणि हसू आलं की माझ्या चिमणीतून एक काळा भपकारा जायचा.

हा भपकारा जायचा थेट वरच्या काकूंच्या गच्चीत. वरच्या मजल्यावर काकूंची लाँड्री. धुवायचं, वाळवायचं आणि इस्त्री करून द्यायचं. आता खाली भट्टी आणि वर पांढरे कपडे, ही शेजारणींची जोडी कोणत्या ज्योतिष्यानं जुळवली देव जाणे. दर दोन दिवसांनी काकू जिन्यावरून ओरडत खाली यायच्या.

"अहो मामा! हा बघा, हा बघा वकीलसाहेबांचा शर्ट! तुमच्या भट्टीला सांगा, माझ्या गिऱ्हाइकांना मिशा काढत जाऊ नकोस म्हणावं!"

"काकू, वाऱ्याला सांगा की. वारा काय माझ्या पगारावर आहे?"

"वारा नाही, पण धूर तर तुमचाच ना?"

 यावर मामा शांतपणे एक पाव कागदात गुंडाळून पुढं करायचे, काकू तो घ्यायच्या आणि भांडण मात्र परत घेऊन जायच्या. कपडे वाळवायच्या दोऱ्या त्यांनी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेल्या, चिमणीपासून शक्य तेवढ्या लांब. तरी बोलाचाली चालूच राहिली.

अण्णा गेले आणि बेकरी त्यांच्या मुलीकडे आली. तिला सगळे ताई म्हणतात. मामा तेवढे तायडे म्हणतात, तेही दोघंच असताना. ताईचा हात कणकेत बसलेला आहे. अंगठा रुतवला की पीठ किती फुगलंय हे तिला कळतं. आणि हवा बदलत चालली आहे हे आमच्या घरात सगळ्यात आधी कळलं ते तिच्या अंगठ्यालाच.

पूर्वी मळून ठेवलेलं पीठ फुगायला वेळ घ्यायचं. तेवढ्यात मामांचा चहा व्हायचा, एक डुलकीही व्हायची. मग उन्हाळे असे यायला लागले की पीठ डुलकीला उसंतच देईना. चहा संपायच्या आत परातीबाहेर ओघळायचं, आंबूस व्हायचं, पाव भाजला की मधे खचायचा. ताईनं यीस्ट कमी केलं, मळायची वेळ बदलली. शेवटी मळायच्या पाण्यात बर्फ घालायला लागली. सुरुवातीला ऐन उन्हाळ्यातच. मग त्याच्या आधीही, आणि मग त्याच्या नंतरही.

एकदा ती अशीच बर्फ फोडत होती आणि मामा माझ्या कप्प्यात लाकडं सारत होते. ताई थांबली आणि म्हणाली, "मामा, गंमत बघा. या हातानं बर्फ घालायचा आणि त्या हातानं लाकडं जाळायची. आपण नक्की कुणाच्या बाजूनं आहोत हो?"

"पावाच्या," मामा म्हणाले आणि फुंकर घालायला वाकले.

मला मात्र ते लागलं. जगातला सगळा धूर काही माझा नाही. कारखाने आहेत, गाड्या आहेत, मी आपली गल्लीतली एक बाई. पण माझ्यासारख्या गल्लोगल्ली आहेत, आणि प्रत्येकजणी 'मी एकटी अशी कितीशी' म्हणत असणार. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते धुरालाही लागू आहे.

मग एक दिवस नगरपालिकेचा माणूस आला. दुकानात उभं राहून त्यानं एक पाव दाबला आणि सांगितलं की या भागातली लाकडं जाळणारी सगळी धुराडी पावसाळ्याआधी बंद करायची आहेत. हवा सुधारायची, तापमान आवरायचं, सरकारचं धोरण आहे. बोलला चांगलं, पण तो गेल्यावर मामा मटकन खाली बसले.

"झालं. स्टीलचं कपाट आणा आता. त्याला बटणं असतात, त्याला मामा लागत नाही. ही पाडा आणि मला घरी बसवा."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? मला दिसतंय ना."

तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझ्या घुमटातून वाळू झरली. पाडा हा शब्द विटांना फार लवकर ऐकू येतो.

ताईनं एका वायरमनला आणलं. बडबड्या गडी, खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात सतत काहीतरी. त्यानं माझ्या तोंडात डोकं घातलं, टॉर्च मारला, भिंतीवर थापा मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, ही पाडायची नाही. अहो, हल्ली मोठमोठे कारखाने अशा विटांचे ठोकळे मुद्दाम रचून घेतात. दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, तेव्हा विटा तापवून ठेवायच्या आणि हवी तेव्हा ऊब काढायची. तुमच्याकडे तर ठोकळा आयता बसलाय!"

ठोकळा म्हणाला म्हणून मी रागवायला हवं होतं. पण खरं सांगू, मी फुलले. हातभर जाडीवरून मला कुणीतरी पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं.

मामांचा विश्वास नव्हता. "विजेवरच चालवायची तर पहाटे कळ दाबली की झालं. दुपारपासून कशाला तापवायची?"

"एवढ्या जाड विटा तापायला वेळ लागतो, मामा," ताई म्हणाली. "आणि पहाटे ऊन कुठं असतं? पहाटेची वीज म्हणजे लांब कुठंतरी जळणारा कोळसाच. धूर इथून उचलून तिकडं नेऊन ठेवला तर उपयोग काय? लाकडं गेली आणि कोळसा आला, एवढंच."

"आणि नाही जमलं तर?"

ताईनं हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत करून बघू. नाहीच जमलं तर मात्र स्टीलची भट्टी घ्यावी लागेल. बेकरी बंद नाही ठेवता येणार."

म्हणजे आम्हा दोघांचं भवितव्य एकाच पावावर ठरायचं होतं. मी राहिले तर मामा राहणार, मी पडले तर मामा घरी. मामा रात्रभर झोपले नसावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटं करपवली, आणि ते खापर नेहमीप्रमाणे बाईसाहेबांवर फोडलं.

काम सुरू झालं. माझ्या फरशीखाली आणि भिंतींच्या कडेनं विजेच्या तापणाऱ्या पट्ट्या बसल्या. बसवताना गुदगुल्या झाल्या. गच्चीवर उन्हातून वीज करणाऱ्या सोलरच्या पाट्या बसल्या. त्या थोड्या, बाकीची वीज तारेनं येणार होती. पण तेवढ्या पाट्यांनीही काकूंची उन्हाची जागा गेली. त्यावरून जिन्यात जे भांडण झालं ते मी सांगत नाही. शेवटी काकूंनी तणतणत आपल्या दोऱ्या गच्चीच्या मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यात हलवल्या. तो कोपरा चिमणीला लागूनच होता. "एक जरी डाग पडला ना, तर दोऱ्या तुमच्या दुकानात बांधीन!" असं जाता जाता बजावून गेल्या.

आणि मग ती पहिली दुपार. वायरमननं खटका ओढला. ना ठिणगी, ना तडतड, ना धूर. मी नुसतीच तापत गेले. लग्नात वाजंत्रीच नसावी तसं वाटलं. मामा तीन वेळा वाकून जळणाच्या कप्प्यात डोकावले आणि तीन वेळा "हं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी अशी तापले होते की मामांनी टाकलेली चिमूट डोळ्यांदेखत तांबूस झाली. ताईनं टाळी वाजवली. पट्ट्या बंद केल्या, दार घट्ट लावलं. आता पहाटेपर्यंत मी ही ऊब राखायची आणि तिच्यावर पाव भाजायचा.

पहाटे मामांनी फळीवरून पाव आत सरकवले. बाहेर आले ते फिके. आजाऱ्याच्या गालासारखे पांढरट, खाली ओलसर. ताईनं एक मोडून पाहिला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वायरमननं पट्ट्या तपासल्या, ठीक. दाराच्या फटीत दोरी भरली, काही फरक नाही. ताईनं पीठ बदललं, पाणी बदललं. मामांनी फळीसुद्धा बदलली. हॉस्पिटलच्या कँटीनवाल्यानं पाव परत पाठवले आणि निरोप दिला की आमच्याकडचे पेशंट आधीच फिके आहेत. संध्याकाळी मी रसरसलेली असायची, पहाटे कोमट. ऊब जात होती कुठं?

मला माहीत होतं ना! मला तर चांगलं माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

रोज संध्याकाळी काम संपलं की मामा एप्रन काढायचे, खुंटीवर टांगायचे, हात पुसायचे आणि घराकडे वळता वळता चिमणीची साखळी ओढून खिळ्याला दोन वेढे देऊन अडकवायचे. आणि पहाटे, पाव आत सारायच्या आधी, ती सोडायचे. इतकी वर्षं हेच केलेलं. लाकडं होती तेव्हा ते बरोबरच होतं. रात्री कप्प्यात निखारे धुमसत राहायचे, धूर बाहेर जायला हवा, आणि ऊब गेली तरी पहाटे नवा जाळ होताच. आता निखारे नव्हते. पण हाताला ते कुठं ठाऊक? दाराला कुलूप लावल्यावर आपण ते एकदा ओढून बघतो, आणि ओढून बघितल्याचं आपल्यालाच आठवत नाही, तसं ते होतं. मामांना कुणी शपथेवर विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, मी कशाला हात लावतोय?

दुपारभर मी ऊन साठवायची आणि रात्रभर ते चिमणीतून आभाळात जायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि मी? एवढं मोठं तोंड, पण त्यातून शब्द फुटेल तर शपथ.

आधी मामा "मी म्हणत होतो ना" असं म्हणायचे. मग तेही म्हणेनासे झाले. कारण मी हरले की आपणही हरलो, हे त्यांना कळत होतं. पावसाळा तोंडावर आला. एका शनिवारी ताईनं फोन लावला आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाली, "हो, विटांचीच आहे. सोमवारी सकाळी या पाडायला." मामा बिस्किटांचे पत्रे पुसत होते. तेच तेच पत्रे ते पुन्हा पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी वाटलंच, पण त्यांच्यासाठी जास्त.

रविवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. काकू! आता हेच बाकी होतं, असा चेहरा करून मामांनी सवयीनं पावाला हात घातला. पण काकू ओरडत नव्हत्या. त्यांच्या हातात मामांचे दोन जुने एप्रन होते, पांढरेशुभ्र धुतलेले, कडक इस्त्रीचे. खुंटीवरचे कधी नेले होते कोण जाणे.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मला लाजायला होतंय, पण आले. इतकी वर्षं भांडले तुमच्याशी. म्हटलं, चांगलं झालंय तर चांगलं म्हणावं माणसानं."

"काय झालं चांगलं?" ताईनं विचारलं. चांगलं हा शब्द त्या घरात बरेच दिवस कुणी उच्चारला नव्हता.

"अगं, डाग म्हणून नाही कपड्यांना! आणि वर तुमची माया बघ. त्या कोपऱ्यात ऊन नाही म्हणून मी किती बोलले तुला. पण संध्याकाळी ओले कपडे टाकावेत आणि सकाळी कुरकुरीत वाळलेले काढावेत. चादरीसुद्धा! रात्रभर चिमणीतून कशी छान गरम हवा येते. माझ्यासाठी सोडता ना?"

वायरमन दाराची फट बघायला पुन्हा आला होता. त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. ताई काकूंच्या शेजारून जिना चढून गेली. गच्चीवर तिनं चिमणीवर हात धरला असणार, कारण मला तिचा तळवा कळला. ती खाली आली ती सरळ माझ्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. साखळी सुटलेली होती, झाकण बंद होतं, पहाटे मामांनी सोडलं होतं तसं. पण खिळ्यावरची साखळीनं घासलेली जागा चकचकीत होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "संध्याकाळी जाताना तुम्ही ही ओढता?"

"छे!" मामा म्हणाले. आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. हात आपोआप वर गेला होता, साखळी धरावी तसा. त्यांनी तो पाठीमागं लपवला.

वायरमन हसून म्हणाला, "म्हणतात ना, जित्याची खोड..."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. ती असं कुणाला बोलत नाही. 

मामा पोत्यावर बसले. आता एक गोष्ट. ती मी तुम्हाला आधी सांगितली नाही, कारण ती सांगायचा मान मामांचा होता.

"तायडे, तू पाच वर्षांची असशील," ते म्हणाले. "थंडी फार होती. तुला भट्टीच्या भिंतीशी झोपायला आवडायचं, इथंच, पोत्यांवर. तू इथं निजलीयस हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आम्ही दार लावून गेलो. आणि त्या साखळीचा आकडा तुटला. झाकण पडलं आपोआप. आत निखारे, सगळा धूर खोलीत कोंडला. मी छत्री विसरलो म्हणून परत आलो. नुसती छत्री विसरलो म्हणून. तू जागी होईनास. हलवलं, हाका मारल्या, डोळा उघडेना. तुला पाठीवर टाकलं आणि गल्लीत पळत सुटलो. इकडून तिकडं, तिकडून इकडं, वारा लागावा म्हणून."

ताई त्यांच्याकडं बघत राहिली.

"मला आठवतंय ते," ती म्हणाली. "तुम्ही मला पाठुंगळी घेऊन गल्लीभर पळवत होतात. मला इतकी मजा वाटत होती. मी म्हटलं, आणखी एक फेरी."

"हो," मामा म्हणाले. "म्हणालीस. आणि मी मारली आणखी एक फेरी." त्यांनी डोळे पुसले, खुशाल सगळ्यांसमोर पुसले. "त्यानंतर झाकण बंद ठेवून मी कधी घरी गेलेलो नाही. आता आत निखारा नाही, मला कळतं. डोक्याला कळतं. हाताला सांगून सांगून काय सांगणार?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वायरमन म्हणाला, "साखळीच कापून टाकू का?"

"नको. साखळी गेली तर मी स्टुलावर चढून झाकण उचलेन. मी मला ओळखतो." मामा उठले. "तायडे, उद्या ती माणसं येणार ना? मग आज दिवस आहे अजून. विटा आण."

आधी ते माझ्या जळणाच्या कप्प्यापुढं मांडी घालून बसले. बाह्या वर केल्या आणि उघड्या हातांनी आतली राख काढली. जुनी, कोपऱ्यात बसलेली, कुठल्या कुठल्या वर्षांची राख. चिमूट चिमूट बोटांत चुरडून बघत होते, कुठं ऊब आहे का. नव्हती. पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत हात घालून त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली. मग ताईनं माती मळली, अगदी पीठ मळावं तशी, अंगठा रुतवून बघत. आणि मामांनी माझ्या चिमणीचं तोंड विटांनी बंद केलं. प्रत्येक वीट हातात घेऊन आधी तिला टिचकी मारली. शेवटची वीट बसली तेव्हा त्यांचा श्वास जरा अडला, माझाही. माझा तर कायमचाच बंद झाला, पण तक्रार नाही. दुपारी खटका ओढला गेला आणि मी पुन्हा तापू लागले.

सोमवारी पहाटे मामांनी चिमूटभर पीठ टाकलं. ते चटकन रंगलं.  त्यांनी एकामागून एक पाव आत सारले. दार उघडलं तेव्हा खोलीभर जो वास पसरला ना, त्यानं माझं मलाच भरून आलं. सोनेरी, फुगलेले, खाली टणटणीत. ताईनं एक मोडला, निम्मा मामांना दिला, आणि दोघंही उभ्या उभ्या तो खात राहिले, जसं काही जन्मात पाव पाहिलाच नव्हता.

इतक्यात पाडणारी माणसं आली, पहारी खांद्यावर टाकून. त्यांना कळेना की इथं चाललंय काय. ताईनं प्रत्येकाच्या हातावर गरम पाव ठेवला. मुकादमानं आधी तो दाबून पाहिला, अर्थातच, आणि मग विचारलं, "पाडायचं काय आहे?"

"काही नाही," ताई म्हणाली. "खा तुम्ही."

त्या दिवसापासून माझं बरं चाललंय. खरंच बरं. लाकडांची गाडी येत नाही. गल्लीतल्या दुसऱ्या दोन बेकऱ्यांची माणसं येऊन माझ्या भिंती चाचपून गेली आणि आपल्याकडं वायरमनला घेऊन गेली. उन्हाळे अजून कडक आहेत, ताई अजून पाण्यात बर्फ घालते. ते एवढ्यात निवळणार नाही, तेवढी समज मला आहे. पण बर्फ फोडताना ती आता माझ्याकडं बघून हसते. आणि काकू? काकू आठवड्याच्या आत पुन्हा जिन्यावरून ओरडत खाली आल्या. "अहो मामा! ती गरम हवा का बंद केलीत? चादरी वाळत नाहीत माझ्या!" मामांनी शांतपणे एक पाव कागदात गुंडाळला. मला तर ते भांडण ऐकून घर पुन्हा भरल्यासारखं वाटलं.

तुम्हाला एकच सांगणं. तुमच्याकडं माझ्यासारखी एखादी जुनी, जाडजूड, निकामी ठरलेली वस्तू असेल, तर मोडीत काढण्यापूर्वी तिच्या भिंतींवर एकदा थाप मारून बघा. आणि बदल केला आणि तो पहिल्या फटक्यात जमला नाही, तर लगेच पहार मागवू नका. आधी बघा, कुणाचा हात कुठं जातोय. आणि तो का जातोय, तेही विचारा.

आता निघा तुम्ही, संध्याकाळ झाली. मामांची घरी जायची वेळ झाली. ते बघा, त्यांनी एप्रन काढला, टांगला, हात पुसले. पूर्वी या वेळी हाताला साखळी असायची. आता हात रिकामा असतो. पहिल्या संध्याकाळी तो रिकामा हात घेऊन ते बराच वेळ तिथंच उभे राहिले होते. मग त्यांनी तो माझ्या भिंतीवर टेकवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"येतो गं," म्हणाले.

तेव्हापासून रोज म्हणतात. मला उत्तर देता येत नाही. म्हणून ते पहाटे परत येईपर्यंत मी ऊब धरून बसते.